पहिल्या धड्यातली नाती सहाव्या धड्यात कुठे जातात?

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पाठ्यपुस्तकात पहिला धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे आणि सहावा 'प्राण्यांचे वर्गीकरण' हा. पहिल्या धड्यात मुले वाचतात की माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांच्या हाडांच्या रचनेत साम्य आहे आणि या साम्यामागे त्यांचा पूर्वज एक असल्याची साक्ष आहे. सहाव्या धड्यापर्यंत पोहोचताना ही साक्ष मागे राहते आणि पुढे येतात ते संघ, वर्ग, त्यांची लक्षणे आणि प्रत्येकाची दोन-तीन उदाहरणे. रंध्रीय प्राण्यांपासून सस्तन प्राण्यांपर्यंतची ही यादी मुले प्रामाणिकपणे पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि विसरून जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की हे दोन धडे मुळात एकच आहेत, ते जोडून शिकवले पाहिजेत, आणि हे काम सुरू करायला कोकणपट्टीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

आपल्या मंडळाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे, याचे मोल आधी मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय पातळीवरची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने अभ्यासक्रमाची छाटणी करताना दहावीच्या प्रकरणातला उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये देशभरातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या करून त्याला विरोध केला. तो विरोध रास्त होता. पण धडा पुस्तकात असणे आणि त्याचा विचार बाकीच्या जीवशास्त्रात झिरपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपल्याकडे अजून झालेली नाही.

कोकणातल्या अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापलेले आहेत. कुलवृत्तांतात कोणी उंच माणसे एका पानावर आणि ठेंगणी दुसऱ्या पानावर घालत नाही. कोण कोणाच्या पोटी जन्मले, यावर माणसाची जागा ठरते, मग तो मुंबईला नोकरीत असो की गावी बागायत सांभाळत असो. जीवसृष्टीचे वर्गीकरणही याच न्यायाने व्हावे, हा विचार डार्विन यांनी १८५९ साली स्पष्ट शब्दांत मांडला. फरक इतकाच की इथे जन्मनोंदी नाहीत. पूर्वज नाहीसे झाले, मधल्या असंख्य पिढ्या मागमूस न ठेवता गेल्या, आणि हाती उरले ते आजचे जीव, थोडे जीवाश्म आणि पेशींमधला डीएनए. एवढ्या साहित्यावरून नाती कशी ओळखायची, ही या शास्त्राची खरी अडचण आहे, आणि मुलांना शिकवण्यासारखी गोष्टही नेमकी हीच आहे.

पावसाच्या सुरुवातीला माडाचे आळे खणताना तीन लांबट, बिनपायाचे जीव हमखास सापडतात. एक गांडूळ. दुसरा वाळा, ज्याला बरेच लोक सापाचे पिल्लू समजतात. तिसरा देवगांडूळ, जो तुलनेने क्वचित दिसतो आणि दिसला की बहुधा साप म्हणून मारला जातो. तिघांचा आकार सारखा, राहणी सारखी, रंगही फारसे वेगळे नाहीत. दिसण्यावर गट पाडायचा म्हटला तर तिघे एकाच खणात जातील. आता ते जवळून पाहावेत. वाळ्याचे अंग कोरडे आणि चकचकीत असते, त्यावर बारीक खवले एकमेकांवर बसलेले असतात, डोळे खवल्यांखाली काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि आखूड शेपटीच्या टोकाला एक इवलासा काटा असतो. देवगांडुळाची कातडी बेडकासारखी ओलसर आणि बुळबुळीत असते, अंगावर वळ्या असतात, तोंडात जबडे आणि दात असतात, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये एक सूक्ष्म स्पर्शिका असते, जी दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याला नाही. गांडुळाला खवले, डोळे, दात यांपैकी काहीच नाही. त्याच्या अंगाचे खंड खरे आतपर्यंत गेलेले असतात, त्याला हाडे नाहीत, जबडा नाही, पुढच्या भागात पट्ट्यासारखा जाडसर भाग असतो आणि बोट उलटे फिरवले तर बारीक राठ केस लागतात.

यावरून निघणारा निष्कर्ष ऐकणाऱ्याला चकित करतो. देवगांडूळ हा बेडकाचा नातलग आहे. वाळा हा साप आहे, आणि सापांची फांदी सरड्या-पालींच्या फांदीतूनच फुटलेली असल्यामुळे तो भिंतीवरच्या पालीचा भाऊबंद ठरतो. वाळा आणि माणूस यांचा समान पूर्वज वाळा आणि देवगांडूळ यांच्या समान पूर्वजाहून अलीकडचा आहे, म्हणजे वाळा देवगांडुळापेक्षा आपल्याला जवळचा आहे. गांडूळ या सर्वांपासून फार दूर. मातीत बोगदे करून राहायचे तर पाय अडचणीचेच, म्हणून तिन्ही वंश वेगवेगळ्या वाटांनी सारख्या आकाराला आले. सारखेपणा दोन प्रकारचा असतो, एक वारशाने आलेला आणि दुसरा गरजेपोटी घडलेला, आणि वर्गीकरण करणाऱ्याने पहिलाच मोजायचा असतो. या एका भेदावर सबंध शास्त्र उभे आहे, आणि तो शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही.

वारशाने आलेला सारखेपणासुद्धा सगळाच उपयोगाचा नसतो, ही यापुढची आणि अधिक सूक्ष्म पायरी. ती नीट मांडली विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. माश्या-डासांच्या गटाचा हा अभ्यासक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युद्धबंदी असताना आपल्या ग्रंथाचा कच्चा मसुदा लिहीत होता. ग्रंथ १९५० मध्ये जर्मनमध्ये निघाला आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आल्यावर जगभर त्याची चर्चा झाली. त्याचे म्हणणे असे की दूरच्या पूर्वजाकडून जसेच्या तसे आलेले लक्षण जवळचे नाते सिद्ध करत नाही. जे लक्षण एखाद्या फांदीवर नव्याने उपजले आणि त्या फांदीच्या सर्व वंशजांत उतरले, तेवढेच पुराव्यात धरायचे. बेडूक, पाल आणि मांजर यांना चार पाय आहेत, पण त्यावरून या तिघांत कोण कोणाला जवळचे हे कळत नाही. पाल आणि मांजर यांच्या गर्भाभोवती पाण्याची पिशवी धरणारे आवरण असते, बेडकाच्या नसते. हे लक्षण नव्याने आलेले आहे, म्हणून पाल आणि मांजर एका फांदीवर. गट करायचा तर एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज मिळून करावा, सोयीसाठी एखाद्या वंशजाला बाहेर ठेवू नये, हा हेनिगचा दंडक आज जवळजवळ सर्वमान्य आहे.

हा दंडक लावला की सहाव्या धड्यातले काही वर्ग टिकत नाहीत. मासळीबाजारात मोरी, म्हणजे लहान शार्क, आणि बांगडा शेजारी-शेजारी पाटीत असतात आणि पुस्तकातही दोघे मत्स्य वर्गात आहेत. पण मोरीचा सांगाडा कूर्चेचा, बांगड्याचा हाडांचा, आणि हाडांचे मासे ज्या फांदीवर आहेत त्याच फांदीतून पुढे बेडूक, पाल, पक्षी आणि माणूस निघाले. म्हणून बांगडा मोरीपेक्षा आपल्याला जवळचा आहे. 'मासा' हा शब्द बाजारासाठी, जाळ्यासाठी आणि जेवणासाठी पुरेसा आहे, वंशासाठी नाही. तीच गोष्ट सरीसृप वर्गाची. चिपळूणला वाशिष्ठीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली दिसते आणि तिच्यापासून काही अंतरावर बगळा उभा असतो. पुस्तक मगरीला पालीबरोबर ठेवते आणि बगळ्याला वेगळा वर्ग देते, पण वंशाने मगर बगळ्याच्या जवळची आहे. पक्ष्यांना बाहेर ठेवून केलेला सरीसृपांचा गट म्हणजे एका शाखेचे नाव गाळून छापलेली वंशावळ होय.

कासवाचा प्रश्न याहून अवघड होता, आणि त्यातून पद्धतीची मर्यादा व ताकद दोन्ही दिसतात. वेळास आणि आंजर्ले इथल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची ओळख आता साऱ्या महाराष्ट्राला आहे. कासवाच्या कवटीला डोळ्यामागे खिडकीसारखी छिद्रे नाहीत, म्हणून कित्येक दशके त्याला सरीसृपांतला सर्वांत जुना वंश मानले गेले. डीएनएचे पुरावे येऊ लागले तसे हे मत डळमळू लागले, आणि २०१२ च्या सुमारास जनुकसंचाच्या मोठ्या भागावर आधारलेल्या अभ्यासांनी कासवाला मगर आणि पक्षी यांच्या शेजारी आणून ठेवले. कवटीतली छिद्रे मुळातच नव्हती असे नसून ती नंतर बुजली असावीत, असे आता मानले जाते. म्हणजे किनाऱ्यावर कासवाची पिल्ले उचलायला टपलेली घार आणि तिथे अंडी घालणारे कासव यांचे नाते कासव आणि पाल यांच्या नात्यापेक्षा जवळचे आहे. ही गोष्ट वेळासच्या वाळूत उभे राहून मुलांना सांगता येते, आणि तिथे ती सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

रेणूंच्या आधारे नाती शोधण्याची कल्पना तत्त्वतः सोपी आहे. एकच जनुक वेगवेगळ्या जीवांतून घ्यायचे, त्याची अक्षरे एकाखाली एक जुळवून मांडायची आणि फरक कुठे कुठे आहेत ते पाहायचे. त्या फरकांचा उलगडा करणारे वृक्ष अनेक निघू शकतात. कमीत कमी बदलांत काम भागवणारा वृक्ष निवडणे ही एक रीत. अक्षरे कोणत्या गतीने बदलतात याचे गणिती प्रतिमान घेऊन सर्वाधिक संभाव्य वृक्ष शोधणे ही दुसरी, जी जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी १९८१ मध्ये डीएनएच्या माहितीसाठी व्यवहार्य करून दाखवली. त्यांनीच १९८५ मध्ये प्रत्येक फांदीवर किती भरवसा ठेवावा हे मोजण्याची युक्ती दिली: त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या उचलून वृक्ष काढायचा आणि ती फांदी किती वेळा निघते ते मोजायचे. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून दाखवले की ज्यांना आपण सरसकट जीवाणू म्हणत होतो त्यांत आर्किया नावाचा एक सर्वस्वी निराळा वंश दडलेला होता. सूक्ष्मदर्शकातून दोन्ही सारखेच दिसत होते. पावसाळ्यात आपण आवडीने खातो ती अळंबी भाजीच्या पंगतीत बसते, पण तिचाही वंश वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळचा आहे, हे रेणूंनीच पक्के केले.

रेणू आले म्हणून शरीराचा अभ्यास संपला, असे मात्र कोणी समजू नये. कोकणातल्या कोणत्याही कातळी किनाऱ्यावर ओहोटीला खडकांना चिकटलेली बार्नेकलची टोकदार कवचे पायाला टोचतात. कवच पाहून शास्त्रज्ञांनीही त्यांना बराच काळ कालवांच्या गटात, म्हणजे मृदुकाय प्राण्यांत घातले होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांच्या पोहणाऱ्या डिंभकांचे, म्हणजे बाल्यावस्थेतल्या जीवांचे, निरीक्षण केले तेव्हा हे जीव कोळंबी-खेकड्यांचे नातलग असल्याचे उघड झाले. डार्विन यांनी पुढे १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच जीवांवर घालवली. या सगळ्यात डीएनएचा संबंध नव्हता, होते ते चिकाटीचे निरीक्षण. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या परात दंडाचे हाड, त्यापुढची दोन हाडे आणि बोटांच्या रांगा एखाद्या मुलाने स्वतः मोजल्या, तर पहिल्या धड्यातले चित्र त्याला पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

वनस्पतींच्या बाबतीत आपली स्थिती आणखी अवघडलेली आहे, कारण आपल्याकडची वनस्पतिसंग्रहालये आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रम दीर्घकाळ बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या शतकातल्या मांडणीवर चालत आले. ती मांडणी मेहनतीने केलेली होती आणि ओळख पटवायला अजूनही उपयोगी पडते, पण १९९८ पासून जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची जी मांडणी केली, तिने अनेक कुळे नव्याने बसवली. खाडीकाठचे कांदळवन घ्या. चिखलात उभे राहणे, खारे पाणी सोसणे, श्वसनासाठी मुळे वर काढणे या साऱ्या गरजेच्या गोष्टी, म्हणून तिथली झाडे एकाच घराण्यातली वाटतात. प्रत्यक्षात कांदळ ज्या गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, आहे त्याच गणात आपले कोकम, उंडी आणि सुरंगी आहेत. तिवर, ज्याला पूर्वी सागाच्या कुळात ठेवले जाई, आता अडुळशाच्या कुळात आहे, आणि खुद्द साग तुळशीच्या कुळात गेला आहे. पांढरी चिप्पी, जिला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला, ती डाळिंब आणि मेंदी यांच्या कुळातली.

अशा नात्यांचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्याला बागेतच उत्तर सापडेल. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, आंबा इथलाच, आणि बिब्बा रानातला. तिघांची मायभूमी एक नाही, फळे वेगळी, पण कूळ एक. आंब्याचा चीक ओठाला लागला की उततो, काजूच्या टरफलाचे तेल हात सोलते, बिब्बा तर उतण्यासाठीच प्रसिद्ध. एकाच घराण्यात फिनॉल गटातली एकमेकांशी मिळतीजुळती रसायने उतरली आहेत, म्हणून एकाची बाधा होणाऱ्याला दुसऱ्याचीही होण्याचा संभव असतो. नाते ठाऊक असले की न तपासलेल्या गोष्टीबद्दलही अंदाज बांधता येतो. औषधी द्रव्य शोधणारा आणि पिकाची रोगप्रतिकारक जात रानटी भाऊबंदांत शोधणारा, दोघेही याच अंदाजावर चालतात. यादी पाठ असणाऱ्याला हे बळ मिळत नाही.

यावर शिक्षकांकडून येणारा पहिला आक्षेप असा की हे दहावीच्या मुलांना झेपणार नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. ज्या मुलांना दहा-बारा संघांची लक्षणे क्रमाने पाठ होतात, त्यांना सहा प्राणी आणि पाच लक्षणे यांचा तक्ता मांडून एक वृक्ष काढता येणार नाही, हे मला पटत नाही. तर्काला पाठांतराहून जास्त वेळ लागतो, हे खरे आहे, आणि तो वेळ यादीतली उदाहरणे कमी करून काढावा लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नावे आणि गट सारखे बदलत राहिले तर मुलांनी काय लिहायचे आणि परीक्षकाने काय तपासायचे? वेगवेगळी जनुके कधी कधी वेगवेगळे वृक्ष दाखवतात, सूक्ष्मजीवांत तर जनुके एका वंशातून दुसऱ्यात उडी मारतात, झपाट्याने बदललेल्या दोन दूरच्या फांद्या चुकून जवळ आल्यासारख्या दिसतात. या अडचणी लपवू नयेत. वंशवृक्ष हे अनुमान असते, काही फांद्या भक्कम असतात आणि काही कच्च्या, आणि कोणती कोणत्या प्रतीची हे पुराव्यावरून सांगता येते. बदलणारे उत्तर शिकवण्यात कमीपणा कसला? ज्या पुराव्याने ते बदलले तो दाखवला की झाले.

मच्छीमाराने मासळी जाळ्यावरून, हंगामावरून, भावावरून लावली किंवा वैद्याने झाडे गुणांवरून लावली, तर त्याला चूक ठरवण्याचे कारण नाही. त्या मांडण्या त्यांच्या कामाला चोख आहेत, आणि त्यांमागचे निरीक्षण कित्येकदा पुस्तकाहून बारीक असते. वंशाची मांडणी निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते, एवढेच मुलांना कळले पाहिजे.

हा विषय शाळेपुरता राहत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ही नोंदवही यादीच्या रूपात भरली जाते, आणि यादीत दोनशे नावे असली की गाव समृद्ध, वीस असली की दरिद्री, असा हिशोब आपोआप होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, या हिशोबात हरतात. वर्षाचे आठ महिने उघडे-बोडके दिसणारे, महसुली नोंदीत बहुधा पोटखराबा किंवा पडीक म्हणून लागलेले हे सडे चिरेखाणीला किंवा प्रकल्पाला द्यायला कोणाचा हात अडखळत नाही. पण एखादा जीव वंशवृक्षावर किती एकाकी फांदीवर बसला आहे, याचेही मोजमाप असते. १९९२ मध्ये डॅनियल फेथ यांनी जातींची संख्या मोजण्याऐवजी त्यांच्या फांद्यांची लांबी मोजण्याची रीत सुचवली, आणि तिच्या हिशोबात जवळजवळ सारख्या दहा जातींपेक्षा एकाकी वंशातल्या दोन जाती अधिक मोलाच्या ठरू शकतात.

देवगांडूळ असाच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून आणि सिंधुदुर्गातल्या आंबोलीतून मिळालेल्या देवगांडुळांच्या दोन नव्या जातींची वर्णने २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, त्या आहेत तिचे जवळचे आप्त सेशेल्स बेटांवर राहतात, कोकणापासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर, मध्ये अरबी समुद्र आणि हिंदी महासागर. ओलसर कातडीचा, खाऱ्या पाण्यात न टिकणारा हा प्राणी समुद्र ओलांडून तिकडे गेला असण्याची शक्यता अगदी कमी. सेशेल्सची भूमी भारतापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुटी झाली, तेव्हा दोन्हीकडे या वंशाचे जीव होते, आणि त्यांचे वंशज आजही दोन्हीकडे आहेत. ज्या मातीत माडाचे आळे खणले जाते तिथे इतक्या जुन्या फाळणीचा जिवंत पुरावा वळवळतो, आणि नोंदवहीत त्याच्या नावे एक ओळ असते किंवा तीही नसते. समितीच्या सभासदाने शाळेत यादीऐवजी वृक्ष पाहिलेला असता, तर त्या ओळीपुढे त्याने निदान एक खूण केली असती.

पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिला आणि सहावा धडा लागोपाठ घेण्यास कोणताही नियम आड येत नाही, आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात एक दिवस किनाऱ्यावर किंवा संग्रहालयात घेता येतो. त्यासाठी मत्स्य महाविद्यालय शिरगावला आणि कृषी विद्यापीठ दापोलीला आहेच. मंडळाकडे मागायचे ते इतकेच की लक्षणे लिहा, उदाहरणे द्या या प्रश्नांच्या जोडीला एक वेगळा प्रश्न असावा. घटक चाचणीत तर तो कोणताही शिक्षक याच वर्षी घालू शकतो: मोरी, बांगडा, बेडूक, वाळा, मगर आणि घार यांची नाती दाखवणारा वृक्ष काढा, प्रत्येक फांदीपाशी तुमचा पुरावा लिहा, आणि ज्या फांदीबद्दल खात्री वाटत नाही तिच्यासाठी आणखी काय तपासाल ते सांगा.